राजमुद्रेची अक्षरं पुसट दिसतायत, टच-अप आत्ताच करून घेऊ का?

प्रश्न विचारणारा 23 वर्षांचा मुलगा आहे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला राजमुद्रा काढून घेऊन पाच आठवडे झालेत. आठव्या दिवशी तो जोतिबाच्या चैत्र यात्रेला गेला आणि हात गुलालानं माखला. आता तीन-चार अक्षरं पुसट आहेत, दोन ठिकाणी रेघ तुटली आहे, सगळ्यावर पांढुरकी चमक आहे आणि एका कोपऱ्यात अक्षराबाहेर निळसर सावली दिसते. टॅटू काढणारा म्हणतो, दीड महिन्याच्या आत आलास तर टच-अप फुकट. जाऊ का, त्याच वेळी मागं भगवा रंग भरून घेऊ का, आणि हे दर वर्षी करावं लागतं का, असं त्यानं विचारलंय.

भावा, आत्ता जाऊ नकोस. फुकटची संधी हुकली तरी चालेल. कोल्हापुरात राजारामपुरीत मी 14 वर्षं टॅटू काढते आहे. मुळात वाईट काढलेले टॅटू पुष्कळ येतात, पण त्याहून जास्त येतात ते घाईच्या टच-अपनं बिघडलेले. टच-अप म्हणजे पुसट अक्षरावरून पुन्हा पेन फिरवणं, असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ती त्याच जागी केलेली दुसरी जखम असते. पहिली जखम आतून भरायच्या आधी दुसरी केली, तर कातडी शाई धरायचं सोडून वण धरते.

आधी तुझ्या हातावर नक्की काय शिल्लक आहे ते बघू. सकाळी दाराशी, सावलीत उभा राहा. ट्यूबलाइट नको, मोबाइलचा फ्लॅशही नको. स्वच्छ कापूस पाण्यात भिजवून राजमुद्रेवरून हलकेच फिरव आणि हात ओला असतानाच बघ. ज्या अक्षरांना तू पुसट म्हणतोस, त्यातली एक-दोन ओली झाल्या झाल्या काळी दिसायला लागतील. तिथली शाई कुठंही गेलेली नाही. वर आलेली नवी कातडी अजून कच्ची, खरबरीत आहे, आणि त्या खरबरीतपणावर उजेड विखुरतो म्हणून पांढुरकी चमक दिसते. घासलेल्या काचेवर पाणी ओतलं की पलीकडचं दिसायला लागतं, तसाच हा प्रकार आहे. ओलं करूनही जिथं कातडीच दिसते, तिथली शाई खरोखर गेली आहे. टच-अप लागेल तो फक्त तिथं. माझ्याकडे असे हात आले की दहा पुसट जागांपैकी ओल्या कापसानंतर दोन-तीनच उरतात.

आता डोळे मिटून उजव्या हाताचं बोट अक्षरांवरून फिरव. रेघ बोटाला लागत असेल, तर आतलं काम अजून चालू आहे. बोटाला काहीच कळलं नाही, डोळे उघडल्यावरच टॅटू कुठंय ते समजलं, तर वरून तरी कातडी बसली असं मी धरते.

हे सगळं व्हायला वेळ का लागतो, ते थोडं सांगते. सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. वरची कातडी पातळ असते आणि साधारण महिन्याभरात सगळी बदलते. तिच्यात अडकलेली शाई खपली आणि पापुद्र्यांबरोबर निघून जाते. पापुद्र्यात रंग दिसला की मुलं घाबरून फोन करतात, पण तो रंग जायचाच असतो. टिकते ती खालच्या, जाड थरात बसलेली शाई. पहिले दोन-तीन दिवस लस येते, जागा लाल आणि गरम राहते. चौथ्या-पाचव्या दिवसापासून कातडी ताणल्यासारखी वाटते, मग साल निघायला लागते आणि खाज सुटते. दोन आठवड्यांनी वरचं दार बंद होतं आणि मग ही पांढुरकी चमक येते. ती जायला आणखी दोन ते चार आठवडे लागतात. आतला थर पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने जातात, आणि मधुमेह असेल तर त्याहून जास्त. म्हणून कुठल्याही टॅटूवर सहा आठवड्यांच्या आत मी सुई लावत नाही. तुझ्यासारखं भट्टीसमोर घामात काम असेल तर तीन महिने थांबायला सांगते.

गुलालाचं काय झालं असेल, तेही सांगते. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रात गेलेला माणूस गुलालाशिवाय परत येत नाही. आठव्या दिवशी तुझी खपली अर्धी सुटलेली असणार. गुलाल त्या वेळी आतल्या थरापर्यंत सहसा पोचत नाही, त्यामुळे टॅटूत गुलाबी छटा राहील ही भीती सोडून दे. नुकसान केलं असेल ते गुलाल काढताना. घरी येऊन तू हात साबणानं खसाखसा घासलास ना? खपलीच्या पोटात शाई असते. जी खपली आपणहून बाराव्या दिवशी सुटली असती, ती आठव्या दिवशी ओढून काढली की खालचा ओला भाग शाईसकट वर येतो. तुटलेल्या दोन रेघा तिथल्याच असाव्यात. पुढच्या वेळी असं काही अंगावर पडलं, तर नुसत्या पाण्याच्या धारेखाली हात धरायचा, बोटानं चोळायचं नाही, आणि स्वच्छ कागदी रुमालानं टिपून घ्यायचं. घरची माणसं मायेनं हळद लावतात, तीही ओल्या टॅटूवर नको. हळदीचे कण खपलीत रुततात, ते काढताना पुन्हा घासाघीस होते आणि खपली निघते.

निळसर सावलीचं उत्तर तुला आवडणार नाही. तो नुसता सुईच्या माराचा काळानिळा डाग असता, तर दोन आठवड्यांत पिवळट होऊन गेला असता. पाच आठवड्यांनी जी सावली आहे तशीच आहे, तिला आमच्या धंद्यात ब्लोआउट म्हणतात. सुई जरुरीपेक्षा खोल गेली, शाई चरबीच्या थरात शिरली आणि तिथं ती पसरते. मनगटाजवळ, कोपराच्या खोबणीत, दंडाच्या आतल्या बाजूला कातडी पातळ असते, तिथं हे जास्त होतं. यावर टच-अप हा उपाय नाही. त्याच अक्षरावर पुन्हा काळी रेघ मारली तर सावली वाढेल. वर्षभर तिला तशीच राहू दे. कडा जराशा मऊ होतात, डोळ्यालाही सवय होते. तरीही खुपली, तर त्या बाजूला अष्टकोनाची चौकट थोडी जाड करून किंवा बाहेर शेडिंग करून ती सावली झाकता येते. कातडीच्या रंगाची शाई भरून ती पुसतो असं कुणी सांगितलं, तर उठून ये. तो रंग काही महिन्यांत वेगळा दिसायला लागतो आणि पुढं लेझरनं काढायला गेलं तर काळा पडू शकतो, कारण त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं.

हे मी शिकले ते दुसऱ्याच्या खांद्यावर. धंद्यात पडून दोन वर्षं झाली होती. तालमीतला एक पोरगा खांद्यावर मारुती काढून गेला आणि तिसऱ्या दिवशी लाल मातीत उतरला. विसाव्या दिवशी परत आला तेव्हा गदेचा दांडा निम्मा गेला होता. त्याचं कुस्तीचं मैदान जवळ आलं होतं, मारुती पुरा दिसायला हवा होता, आणि मला नाही म्हणता आलं नाही. कातडी अजून गुलाबी होती. सुई लावली की शाई बाहेर ओघळत होती, आत बसत नव्हती, म्हणून मी तीच रेघ चार-पाच वेळा ओढली. कातडी शाई घेत नाही तेव्हा ती थांब म्हणत असते, हे मला तेव्हा कळत नव्हतं. त्या जागी वण फुगला. खांदा आणि छाती या वण वाढायच्या जागा आहेत, आणि आपल्याकडच्या सावळ्या कातडीत ती प्रवृत्ती जास्त असते. आज बारा वर्षांनी त्याचा मारुती देखणा आहे, पण गदेचा दांडा दोरीसारखा वर आलेला आहे. पावसाळ्यात तिथं खाज येते असं तो सांगतो. तो चुकला नव्हता. त्याला परत पाठवायचं काम माझं होतं.

आता तू न विचारलेली एक गोष्ट, कारण तुझ्या टॅटूचा पुढचा सगळा प्रवास तिच्यावर आहे. ती म्हणजे राजमुद्रेची अक्षरं. 'प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता' असा सुरू होणारा मजकूर बारीक अक्षरात कोरायचा म्हणजे जोडाक्षरांचं जंगल. ष्णु, श्व, द्र, स्यै. टॅटूची रेघ वर्षांबरोबर रुंद होते, हे कुणालाच टाळता येत नाही. इंग्रजी अक्षरात पोट मोठं असतं, त्यामुळे थोडं पसरलं तरी वाचता येतं. आपल्या ष च्या पोटात तिरकी रेघ आहे, भ ला गाठ आहे, द्र च्या आत राईएवढी जागा उरते. रेघ दोन्हीकडून थोडी थोडी सरकली की ष चा प होतो आणि मग काळा ठिपका. 'मुद्रा भद्राय' या दोन शब्दांत द्र दोनदा येतो. जुन्या, लहान राजमुद्रांमध्ये पहिल्यांदा मिटतात ते हेच, आणि असे हात माझ्यासमोर खूप आलेत. म्हणून जोडाक्षर असेल तर 8 मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर मी कोरतच नाही. गिऱ्हाईक मनगटावर मावेल एवढी राजमुद्रा मागतं, तेव्हा मी हाताचा वरचा भाग दाखवते किंवा नुसता अष्टकोन आणि चंद्रकोर सुचवते.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा: पुसट दिसतंय म्हणून अक्षर जाड करून घेऊ नकोस. आज थोडं बारीक राहिलेलं अक्षर दहा वर्षांनी वाचता येईल. आज ठसठशीत केलेलं मिटेल. टच-अपला मूळ सुईपेक्षा लहान सुई घ्यायची, तुटल्या जागेपुरतं टोक ठेवायचं आणि एकदाच फिरवायचं.

रेघ रुंद का होते, तर शाई कातडीत दगडासारखी पडून नसते. शरीर तिला घुसखोर समजतं. रक्षक पेशी येऊन तिचे कण गिळतात. बारीक कण हळूहळू वाहून जातात, काही काखेतल्या गाठींत जाऊन बसतात, मोठे कण पचत नाहीत म्हणून पेशीच्या पोटातच राहतात. ती पेशी कधीतरी मरते, कण सुटे होतात आणि शेजारची नवी पेशी ते उचलते. 2018 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर हे दाखवून दिलं. म्हणजे तुझी राजमुद्रा रोज एका हातातून दुसऱ्या हातात दिली जातेय आणि प्रत्येक देवाणघेवाणीत कण जरासा सरकू शकतो. रेघेची कडा मऊ होते ती अशी.

माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, हनुवटीवर तीन ठिपके. बाजाराच्या दिवशी गोंदणारी बाई आली होती, दोऱ्यानं बांधलेल्या सुया आणि काजळीची शाई घेऊन. साठ-पासष्ट वर्षांत त्या गोंदणाला कुणी हात लावला नाही. काळं होतं ते हिरवट-निळं झालं, कारण खोलवरच्या काळ्या कणांवरून परतणारा उजेड कातडीतून येताना निळसर दिसतो. रेघा बोटभर जाड वाटायच्या. तरी तुळस तुळसच दिसायची, कारण गोंदणारीनं दोन रेघांमध्ये कातडी मोकळी सोडली होती. आल्प्समध्ये 1991 मध्ये सापडलेल्या हिममानवाच्या अंगावर काजळीचे 61 टॅटू आहेत, सगळे साध्या रेघा आणि फुल्या, आणि ते 5300 वर्षांनी मोजता आले. काळी शाई आणि मोकळी जागा, यापेक्षा जास्त टिकणारं मला काही माहीत नाही.

त्यामुळे दर वर्षी टच-अप लागतो का, तर नाही. नीट काढलेला, हाताच्या आतल्या बाजूचा काळा टॅटू पहिल्या टच-अपनंतर दहा-दहा वर्षं हात न लावता राहतो. वारंवार टच-अप लागतो तो काही ठरावीक जागांना. बोटांच्या कडा, तळवा, टाच. पायाच्या वरच्या बाजूला टॅटू असेल आणि माणूस कोल्हापुरी घालत असेल, तर चपलेच्या पट्ट्याखालची नक्षी आधी जाते. टॅटू नवीन असताना महिनाभर ती चपल बाजूला ठेवायला मी सांगते. गाडीवरून रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मनगटाचा वरचा भाग उन्हानं उडतो, आणि रंगीत शाई काळीपेक्षा लवकर. जखम पूर्ण भरल्यावर एसपीएफ 30 किंवा 50 चं सनस्क्रीन लावणं हे दोन टच-अप वाचवण्यासारखं आहे. तू भट्टीवर असतोस तेव्हा सैल, पूर्ण बाहीचा सुती शर्ट घाल. रेझिनची वाळू आणि ठिणग्या, दोन्हीपासून बचाव होईल.

भगव्याबद्दल थोडक्यात. कातडीचा रंग हा शाईच्या वर असतो, खाली नाही. सावळ्या हातावर भगवा भरला की तो सावळ्या काचेतून बघितल्यासारखा, विटकरीकडे झुकलेला दिसतो. तो उजळ व्हावा म्हणून पुन्हा पुन्हा भरत राहिलं तर कातडी दुखावते, रंग उजळत नाही. आणि अक्षरांमध्ये भरला तर मघाशी सांगितलेली ती मोकळी जागा संपते. हवाच असेल तर चौकटीच्या बाहेर, आणि आधी मोहरीएवढा ठिपका गोंदवून दोन महिने बघ. लाल जातीच्या शाईची ऍलर्जी सगळ्यांत जास्त आढळते, कधी कधी ती महिन्यांनी उठते, आणि रंग आत असेपर्यंत खाज सहजी जात नाही.

वेळ कुठली घ्यायची? तीन महिने धरले तर तू जुलै-ऑगस्टमध्ये येतोस, आणि तेव्हा मी आणखी थांबायला सांगेन. आपल्याकडच्या पावसात टॉवेल वाळत नाही, बाही दिवसभर दमट राहते आणि दमट कापडाखाली ओला टॅटू नासतो. गगनबावडा, राधानगरीकडची पोरं रोपलावणीच्या चिखलात उतरतात, त्यांच्या पोटरीला मी त्या महिन्यांत हात लावत नाही. दिवाळीनंतर ये. फक्त घरचा ऊस तोडायचा असेल तर त्याआधी किंवा त्यानंतर. उसाच्या पाल्याची धार ताज्या टॅटूवरून गेली की रेघ कापल्यासारखी तुटते.

टच-अपच्या दिवशी एक गोष्ट अजिबात सोडू नकोस. पाच मिनिटांचं काम म्हणून टेबलावर आधीच्या गिऱ्हाइकाची सुई लावलेली असते, तीच फिरवली जाते. हे मी धंद्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. नव्या सुईच्या कार्ट्रिजचं पाकीट तुझ्यासमोर फुटलं पाहिजे. शाई नव्या छोट्या टोपणात ओतलेली हवी, आणि उरलेली टाकून दिली पाहिजे. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांना काम पाच मिनिटांचं आहे की पाच तासांचं, याचा फरक पडत नाही. शाई पातळ करायला नळाचं पाणी वापरलेलं दिसलं तर हात काढून घे. त्यातून जे जंतू शिरतात त्यांचं पुरळ महिनोन्‌महिने औषध घेऊन हटतं. आणि मंडळाच्या रक्तदान शिबिरात नाव देत असशील, तर टच-अपच्या दिवसापासून पुन्हा वर्षभर थांबायचं. टच-अप हाही टॅटूच आहे, आणि तो झाल्याचं फॉर्मवर खरं लिहायचं.

मध्येच लाली पसरत गेली, जागा तापली, पू आला किंवा हातावर काखेकडे जाणारी लाल रेघ दिसली, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नको. त्याच दिवशी डॉक्टरला दाखव; सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, त्वचारोगाचा विभाग आहे.

तुझ्या टॅटूवाल्याशी भांडू नकोस. आज ओल्या कापसानंतरचा एक फोटो काढ, दोन महिन्यांनी त्याच दारात, त्याच वेळी दुसरा काढ. दोन्ही त्याला दाखव आणि सांग, की गेलेल्या दोन रेघा तेवढ्या जोडायच्यात, बाकी अक्षरांना सुई लावायची नाही, कोपऱ्यातल्या सावलीजवळ तर नाहीच. मुदत वाढवून मागितलीस तर चांगला कारागीर वाढवून देतो. मी स्वतः पहिल्या टच-अपला वर्षाची मुदत देते. त्यानं आत्ताच ये म्हणून हट्ट धरला, तर ते दोन फोटो घेऊन दुसरीकडे जा, आणि पैसे भरून दोन रेघा जोडून घे.